एव्हरेटचा पहिला निकाल

१४ डिसेंबर १९७३, शुक्रवार

एव्हरेट लिंडक्विस्ट आज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. कार्यक्रमपत्रिकेत दहा छापलं होतं.

झगा त्याच्या बायकोनं चढवला. दोन इंच आखूड होता, बूट आणि पायाचे घोटे दिसत होते. एवढी मोठी संस्था, सात न्यायमूर्ती, आणि कुणाला त्याचं माप घ्यायचं सुचलं नाही. मी व्यासपीठाखालच्या माझ्या टेबलाशी बसलो होतो. एकोणीस वर्षं बसतो आहे, त्यामुळे बूट माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर येतात.

भाषणात तो म्हणाला, "हार्लन फोर्क गावात माझ्याहून हुशार एक मुलगा होता. शाळेच्या वादविवादात त्यानं मला तीनपैकी तीन मतांनी हरवलं. तो इथंच खाली बसलाय." सगळे वळून माझ्याकडे बघून हसले. हे बोलायची काय गरज होती? जिंकलेल्यानं हरलेल्याची पाठ थोपटावी, तीही चारशे लोकांसमोर.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. माझी बायको मेर्ना तीनदा म्हणाली, "किती साधा आहे रे तो!" साधं राहणं त्याला परवडतं.

१६ डिसेंबर, रविवार

वस्तुस्थिती एकदा नीट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा डोक्यात येणार नाही.

त्याच्या वडिलांची लाकडाची वखार. माझे वडील धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळत. तो कायद्याच्या कॉलेजात गेला. मी अवजारांच्या दुकानावरच्या माडीत, सीव्हर्ट रास्क वकिलांच्या कचेरीत स्टोव्ह पेटवून, फरशी झाडून, त्यांचीच पुस्तकं तीन वर्षं वाचून परीक्षेला बसलो. राज्यात दुसरा आलो. चार वर्षांनी ती वाट कायद्यानं बंद झाली. कॉलेजचं तोंड न पाहता वकील झालेल्यांत मी शेवटून तिसरा. उरलेले दोघे वारले.

न्यायमूर्तीची जागा निघाली की निवड समिती तीन नावं गव्हर्नरकडे पाठवते. मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा त्या तिघांत माझं नाव नव्हतं. त्यानं एकदाच केला.

मी निकालसंग्रहाचा संपादक आहे. सातजण निकाल लिहितात. ते जे अवतरण देतात ते मूळ पुस्तकात तसंच आहे का, ज्या जुन्या निकालाचा आधार घेतात तो अजून जिवंत आहे का, हे मी पाहतो. प्रत्येक निकालाच्या वर थोडक्यात गोषवारा मी लिहितो, आणि वकीलमंडळी बहुतेक तेवढाच वाचतात. माझं नाव खंडाच्या पहिल्या पानावर सर्वांत लहान टाइपात असतं.

७ जानेवारी १९७४, सोमवार

तेल वाचवायचं म्हणून सरकारनं घड्याळं एक तास पुढं केली. सकाळी आठ वाजता अंधार. इमारत पासष्ट अंश फॅरनहाइटच्या वर गरम करायला बंदी, त्यामुळे न्यायमूर्ती झग्याखाली स्वेटर घालतात.

आमच्याकडे निकाल कुणी लिहायचा हे चिठ्ठ्यांवर ठरतं. मिसेस कूचेरा चिठ्ठ्यांचा डबा घेऊन गेल्या होत्या, त्या परत येऊन म्हणाल्या, "जज्ज लिंडक्विस्टांना पहिलीच मोठी केस आली हो! वेंडेलबाईंची." मिसेस कूचेरा माझ्याकडे प्रुफं वाचतात. बावीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून नोकरीत आहेत आणि कोणत्याही माणसात त्यांना चांगलंच दिसतं. त्या गुणाचा प्रुफं वाचताना उपयोग होत नाही.

केस अशी. मिस एल्फ्रीडा वेंडेलनं चौदा वर्षं आजारी काकाची सेवा केली, त्याची गुरं सांभाळली. तो म्हणत असे, शेत तुझंच. कागदावर काही नाही. तो मेला आणि शहरातले पुतणे उगवले. प्रश्न एवढाच : तोंडी शब्दावर शेत मिळतं का?

१८ जानेवारी, शुक्रवार

निकाल आला. शेत पुतण्यांना. मिस वेंडेलनं पहिल्या मार्चपर्यंत जागा सोडायची. आमच्याकडे शेतं नेहमी पहिल्या मार्चलाच हात बदलतात, त्यामुळे त्यात वेगळा निर्दयपणा नाही.

सातही जणांची सही. लेखन, मला मान्य करावं लागतं, स्वच्छ आहे. वाक्यं आखूड. कुठंही स्वतःची विद्वत्ता मिरवलेली नाही. ते वाचून दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

फेरविचाराला वीस दिवस. म्हणजे सात फेब्रुवारी. त्यानंतर निकाल कायमचा.

२१ जानेवारी, सोमवार

सापडलं!

प्रुफं वाचायची आमची रीत म्हणजे मिसेस कूचेरा मोठ्यानं वाचतात, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारून, आणि मी मूळ पुस्तकावर बोट ठेवून ऐकतो. त्या वाचत होत्या, "तोंडी वचनावर जमीन मिळत नाही स्वल्पविराम सेवा कितीही दीर्घ असो पूर्णविराम," आणि आधार होता १९११ चा निकाल, खंड ८९.

माझं बोट थांबलं. तो निकाल मेलेला आहे. १९३८ साली याच न्यायालयानं तो पलटवला. खंड १३४, पान ६१२, शेवटचा परिच्छेद. ती केस रास्क वकिलांचीच. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि त्यांचं टिपण मी स्वतः चार प्रतींत टंकलं होतं. ते निकालपत्र मला आजही अख्खं पाठ आहे. कुणी दीर्घ सेवा करून वचनाचा मोबदला दिला असेल तर वचन पाळावंच लागतं, असा तो निकाल. केस मजुरीच्या दाव्याची म्हणून नोंदली गेली, त्यामुळे जमिनीच्या सदरात शोधणाऱ्याला सापडत नाही.

म्हणजे शेत मिस वेंडेलचं. एव्हरेटचा पहिला निकाल साफ चुकला आहे.

"काय झालं, मिस्टर हागेन?" मिसेस कूचेरांनी विचारलं.

"काही नाही. पुढं वाचा."

दुरुस्तीची चिठ्ठी उद्या पाठवतो.

२२ जानेवारी, मंगळवार

नाही पाठवली.

माझं काम अवतरण तपासायचं. अवतरण बरोबर आहे. कायदा तपासायला त्याच्याकडे कॉलेजातून आलेला मदतनीस आहे, आणि सही करणारे आणखी सहा आहेत. निकाल कायम होईल, छापून बांधला जाईल, आणि मग विद्यापीठाच्या मासिकातला कुणी प्राध्यापक तो उचलेल. प्रत्येक वकिलाच्या कपाटात ते पान राहील, वर ठळक अक्षरांत : न्या. लिंडक्विस्ट.

मी काहीच करत नाहीये. फक्त करत नाहीये.

२४ जानेवारी, गुरुवार

दुपारी उपाहारगृहात तो स्वतःचा ट्रे घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. टोमॅटोचं सूप आणि चीज सँडविच. शाळेतही हेच खायचा.

"ऑर्विल, अरे, माझ्या निकालावर तुझी पेन्सिल अजून आली नाही. घाबरून बसलोय मी."

"घाबरण्यासारखं काही नाही, न्यायमूर्ती."

"न्यायमूर्ती काय! चीफ जस्टिस म्हणाले, हागेनच्या चिठ्ठीशिवाय निकाल सुटला तर समज, एक तर निकाल उत्तम आहे, नाही तर हागेन मेला आहे."

"एक स्वल्पविराम आहे. पान चार."

तो मोकळेपणानं हसला. "स्वल्पविरामच ना? सुटलो. खरं सांगू, रात्रभर झोप नव्हती. त्या बाईकडे बघवत नव्हतं मला. पण कायदा तसा आहे म्हटल्यावर काय करणार?"

मी सूप संपवलं. मीठ कमी होतं.

त्याला झोप लागत नाही हे त्यानं मला का सांगावं? या माणसाला आपली कमजोरीसुद्धा वाटून टाकता येते, आणि लोक ती आनंदानं घेतात. मी सांगितली असती तर समितीनं ती लिहून घेतली असती.

२९ जानेवारी, मंगळवार

आज मिस वेंडेल माझ्या खिडकीशी आली.

नोंदणी कचेरीत चुकीची खोली सांगितली म्हणून आली. वय अठ्ठावन्न, पुरुषी ओव्हरकोट, रबरी बुटांवर गोठ्याची माती. निकालाची प्रत हातात होती. "हे मला साध्या भाषेत कुणी सांगेल का? वकील तासभर बोलले, मला 'नाही' एवढंच कळलं."

पक्षकाराला सल्ला देणं मला मनाई आहे. छापलेलं वाचून दाखवणं मनाई नाही. मी गोषवारा वाचला. माझाच होता, चार ओळी.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"चांगलं लिहिलंय हो. आता कळलं, का हरले ते." प्रत घडी करून तिनं कोटात ठेवली. "सगळ्यांत वाईट काय वाटतं सांगू? काका खोटं बोलला असं ठरलं. तो खोटं बोलत नव्हता. वाचा गेली तेव्हासुद्धा खिडकीकडे बोट दाखवायचा, शेताकडे, आणि मग माझ्याकडे."

"यात ते खोटं बोलले असं कुठंही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"तसं लिहिलं नाही. पण ठरलं तसंच ना?" मग एकदम, "अकरा गाई गाभण आहेत. मार्चमध्ये हलवल्या तर गाभ टाकतील. तुमच्या ओळखीत कुणी गाई घेईल का?"

मी म्हटलं, माझ्या ओळखीत कुणी नाही. तिनं आभार मानले. फरशीवर मातीचे सहा ठसे राहिले. शिपाई पुसायला आला तेव्हा मी त्याला उगीचच ओरडलो.

३० जानेवारी, बुधवार

सकाळी मनाशी म्हटलं, दोष एव्हरेटचाच. १९६१ मध्ये मी 'पलटलेल्या निकालांची यादी' छापली. सहा वर्षं, एकशे एकाहत्तर खंड, एकेक पान वाचून. कोणता जुना निकाल पुढं कोणत्या खंडात, कोणत्या पानावर मेला, सगळं तिथं आहे. राज्यातला प्रत्येक वकील ती वापरतो. एव्हरेटच्या त्या कॉलेजवाल्या पोरानं ती उघडलीसुद्धा नसणार. मी मुद्दाम उघडली, त्याच्या तोंडावर पान कसं धरायचं याचा विचार करत.

खंड ८९. पान २०३ आहे, २४१ आहे. मधला, १९११ चा तो निकाल, नाही.

पुन्हा पाहिलं. पुरवणी पाहिली. मग तळघरातून माझी मूळ कार्डं काढली. खंड १३४ चं खोकं. पान ५८८ चं कार्ड आहे, ६४० चं आहे. ६१२ चं नाहीच.

कसं झालं ते मला ताबडतोब कळलं. बाकी एकशे सत्तर खंड मी अनोळखी माणसासारखे वाचले. त्या निकालापाशी आलो असेन तेव्हा हसलो असेन, हा तर आपला, म्हणून पान उलटलं असेल. जे पाठ होतं तेवढंच उतरवायचं राहिलं.

त्या पोरानं यादी पाहिली असेल. तिच्या वकिलानंही. सातही जणांनी. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

३ फेब्रुवारी, रविवार

मेर्ना म्हणाली, "जेवत नाहीस, बोलत नाहीस. एव्हरेटचं अजून डोक्यात आहे का?"

"एव्हरेटचं काय?"

"मला काय विचारतोस? डिसेंबरपासून या घरात आपण तिघं राहतोय."

मी हिशेब मांडला. गप्प राहिलो तर चूक त्याच्या नावावर बांधली जाते. उद्या कुणी शोधलीच, तर माझी यादीही उघडी पडते, पण आधी तो. बोललो तर यादी लगेच उघडी पडते. तेरा वर्षांत तिच्यात कुणाला एक चूक सापडलेली नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय?

आणि अकरा गाई.

६ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वाजता गेलो. खंड १३४ काखेत.

"ऑर्विल! ये. दार लाव, वारा येतोय. कॉफी घेणार?"

"कामाचं आहे, न्यायमूर्ती." मी पान ६१२ उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

त्यानं दोनदा वाचलं. त्याचे कान लाल होत गेले, शाळेत व्हायचे तसे. मी उभा होतो आणि कबूल करतो, त्या एका मिनिटाची मी सोळा दिवस वाट पाहिली होती. तो म्हणेल, अरे देवा, माझं नाव! असं मला वाटलं होतं.

तो म्हणाला, "वेंडेलबाई."

मग घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे पाहिलं. "तुला हे कधी सापडलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. "एकवीस जानेवारीला," मी म्हणालो.

"म्हणजे आपण सूप प्यायलो त्याच्या आधी."

"तीन दिवस आधी."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मला रागाला उत्तर देता येतं.

"मुदत उद्या संपतेय," तो म्हणाला. "म्हणजे वेळेत आलास."

"एव्हरेट, त्या मदतनिसानं यादी पाहिली असेल—"

"पाहिली होती. दोनदा. मला सांगितलंय त्यानं."

"यादीत ते नाही. मी घातलं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन उचलून चीफना विचारलं की सगळे दोन वाजता बसू शकतील का.

७ फेब्रुवारी, गुरुवार

न्यायालयानं निकाल स्वतःहून मागे घेतला. दोन्ही बाजूंना लेखी म्हणणं मांडायला आठवडा.

२० फेब्रुवारी, बुधवार

नवा निकाल. शेत मिस वेंडेलचं. पुन्हा सातही सह्या. तळटीप चौथी अशी :

"१९३८ चा निकाल माझ्या नजरेतून सुटला. ग्रंथालय माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. चूक सर्वस्वी माझी, आणि झळ मात्र मिस वेंडेल यांना लागली."

मिसेस कूचेरा वाचताना "स्वल्पविराम" म्हणाल्या आणि त्यांनी प्रुफ खाली ठेवलं. "असं कुणी लिहितं का हो, मिस्टर हागेन? न्यायमूर्ती असून?"

ग्रंथालय एकोणचाळीस पावलांवर आहे. मी मोजलं. पण तो पावलं लहान टाकतो.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

राजधानीच्या वर्तमानपत्रात अग्रलेख : 'चुकलो म्हणणारा न्यायाधीश'. चीफनी जिन्यावर थांबवून मला सांगितलं, "चाळीस वर्षांत अशी टीप वाचली नाही, हागेन. तो पुढं माझ्या खुर्चीत बसेल बघ." नोव्हेंबरात नव्या न्यायमूर्तीला पदावर ठेवायचं का, हे मतदार ठरवतात; त्याच्या नावाचं 'ठेवा की काढा' येईल तेव्हा हा अग्रलेख घरोघर कात्रण होऊन असेल.

मेर्नानं तो आमच्या फ्रिजवर लावला.

मी त्याला खाली पाडायला निघालो आणि तो एक मजला वर गेला. तेही कशाच्या जोरावर? माझ्या चुकीच्या. सहा वर्षं राबून, एकशे एकाहत्तर खंड वाचून मी जी एक चूक केली, ती त्यानं उचलली, झटकली आणि स्वतःच्या अंगावर घातली. आणि त्याला ती शोभतेय.

२५ फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्तीची चिठ्ठी पाठवली. संपादक या नात्यानं तो माझा अधिकार आहे.

"तळटीप चार. 'सर्वस्वी' हे वस्तुस्थितीला धरून नाही. पुढील वाक्य जोडावं : सदर निकालाची नोंद पलटलेल्या निकालांच्या यादीत निकालसंग्रहाचे संपादक ऑर्विल हागेन यांच्या अक्षम्य चुकीमुळे राहून गेली."

दहा मिनिटांत तो स्वतः खाली आला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. मिसेस कूचेरा खुर्ची पुसायला धावल्या.

"ऑर्विल, हे कशाला? संपलं ते. तुझ्या यादीवर अख्खं राज्य चालतं."

"राज्याला कळू दे मग, कुठं चालत नाही ते."

"लोक बोलतील."

"तुझ्याबद्दल बोललेच की. किती छान बोलले."

पुसलेल्या खुर्चीत तो बसला. मग हळूच म्हणाला, "तुला असं वाटतं, मी ते टाळ्यांसाठी लिहिलं?"

"नाही," मी म्हणालो. खरं तेच आहे आणि त्याचाच त्रास आहे. "पण जी चूक तुझी नाही ती तुझ्या नावावर मी छापणार नाही. न्यायमूर्तीपद तुला मिळालं. ही माझी आहे, एव्हरेट. ही तुला देत नाही."

मिसेस कूचेरा भिंतीकडे तोंड करून पेन्सिलीला टोक काढत होत्या. टोक कधीच झालं होतं.

मी गप्प बसलो त्या सोळा दिवसांबद्दल दोघंही बोललो नाही. त्याला तळटिपेत जागा नाही. ते इथं लिहून ठेवलं आहे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

चिठ्ठी परत आली. मंजूर. खाली त्याची आद्याक्षरं.

वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे. फक्त 'अक्षम्य' हा एक शब्द त्यानं खोडला आहे, एका सरळ रेघेनं.

मी वाक्य दोन्ही प्रकारे मोठ्यानं वाचून पाहिलं. विशेषण गेल्यानं ते सुधारलं आहे. संपादक म्हणून ते मलाच दिसायला हवं होतं. ते त्याला दिसलं.

दुरुस्ती स्वीकारली. मजकूर चार वाजता छापखान्यात गेला.